उदयसिंह पैलवान विरुद्ध बारा व्होल्ट

पृथ्वीराजने अट घातली ती फोनवरून, आणि तीही स्पीकर लावून, म्हणजे पुण्यात त्याची बायको अक्षता साक्षीला होती.

"आई, येत्या रविवारी मी कोल्हापुरात येतोय. माझ्यासमोर, कुणाचा हात न लागता, तू गाडीचं एक चाक काढायचं आणि स्टेपनी बसवायची. जमलं तर गाडीचा विषय बंद. नाही जमलं तर कागलचं गिऱ्हाईक मी सोबत घेऊनच येतोय."

गाडी विकायची म्हणतो, याचा मीनाबाईंना तितका राग आला नाही. गिऱ्हाईक आधीच ठरलंय, याचा आला.

मीनाबाईंचं वय एकोणसत्तर आणि त्यांच्या निळ्या आठशेचं सव्वीस. दर शनिवारी ह्या दोघी मंगळवार पेठेतून निघून गारगोटीला जात. तिथे मीनाबाईंची थोरली बहीण विठाबाई सकाळी नऊपासून दोन पिशव्या घेऊन दारात उभी असे. विठाबाईंचे गुडघे गेले होते, पण बाजारातली घासाघीस गेली नव्हती. गाडी भाजीवाल्यांच्या रांगेला लावायची, आणि विठाबाईंनी खिडकीतूनच वांग्यांना नावं ठेवायची, असा तो कार्यक्रम होता. गाडी गेली तर शनिवार गेला, आणि शनिवार गेला तर विठाबाईंना आठवडाभर बोलायला कोण? एसटीने जाऊन हे होत नाही. एसटी वांग्यांपाशी थांबत नाही.

मागच्या शनिवारी मुदाळ तिट्ट्याच्या अलीकडे डावं चाक पंक्चर होऊन बसलं. मीनाबाईंनी दीड तास पाना चालवला. चारपैकी एकही नट हलला नाही. शेवटी उसाच्या ट्रॅक्टरवरून एक ड्रायव्हर उतरला, "आज्जी, बाजूला व्हा," म्हणाला आणि त्याने चार मिनिटांत काम केलं. एवढ्यावर भागलं असतं, पण त्याने फोटो काढला. तो फोटो कुठल्याशा ग्रुपवरून फिरत फिरत मीनाबाई घरी पोचायच्या आत पुण्याला पोचला. पूर्वी बातमी पोस्टकार्डाने जायची. माणसाला निदान तीन दिवस अब्रूने राहता यायचं.

"त्यात काय हाय वैनी?" शेजारच्या शालूबाई भिंतीवरून म्हणाल्या. त्यांच्या यजमानांची तीनचाकी मालवाहू टमटम होती, त्यामुळे वाहन ह्या विषयात त्या स्वतःला जाणकार समजत. "आता मशीन निघालंय न्हवं. पिस्तुलावानी. बॅटरीवर चालतंय. नटाला लावलं आन् दाबलं की भुर्रर्र! लक्ष्मीपुरीत मिळतंय. चला, मी पन येतो."

कोल्हापूरच्या बायका 'मी येतो' म्हणतात, आणि खरोखरच येतात.

लक्ष्मीपुरीतल्या त्या दुकानात आदर्श नावाचा तरुण गल्ल्यावर होता. त्याने काचेवर तीन यंत्रं ठेवली. पहिलं उचलायला मीनाबाईंनी हात घातला आणि यंत्राने हातच खाली नेला. ते बाजूला झालं. दुसरं अर्ध्या किमतीचं होतं. त्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, चारशे न्यूटन मीटर. तिसरं चिमुकलं, बारा व्होल्टचं, पोळपाटापेक्षा हलकं. त्याच्यावर बिचाऱ्याने एका कोपऱ्यात लिहिलं होतं, एकशे साठ.

"हे न्यूटन मीटर म्हणजे जोर ना?" मीनाबाईंनी विचारलं.

"व्हय मावशी. जेवढा आकडा मोठा, तेवढा नट लौकर सुटतोय. तुमच्या आठशेला एकशे साठ भरपूर झालं. पन लोकं चारशेच नेत्यात."

"आणि हे चारशे मोजले कुणी?"

"कंपनीनं."

"कंपनीनं स्वतःचंच मोजलं?"

आदर्शला माहीत नव्हतं की समोरच्या बाईंनी दूध संघाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं लोकांच्या दुधाची फॅट काढली आहे. सकाळी सहाला थंडीत कुडकुडत, नळीत दूध आणि ॲसिड घालून, यंत्रात फिरवून. त्या तीस वर्षांत मीनाबाईंना माणसांबद्दल एकच गोष्ट कळली होती. जो काउंटरवर येतानाच "मॅडम, आज साडेआठ लागंल बघा," असं सांगतो, त्याच्या दुधात पाणी असतं. जो मान खाली घालून "सहा तरी लागंल," म्हणतो, त्याला सहाच लागते. हाच न्याय लावून त्यांनी चारशेवाल्याला परत पाठवलं आणि एकशे साठवाल्याला जवळ घेतलं.

"हे द्या."

"बॅटरी कंची देऊ?"

"म्हणजे ह्यात बॅटरी नाही?"

"बॅटरी वेगळी, मावशी. चार्जर बी वेगळा. आन् नटावर बसती ती गोटी, ती बी वेगळीच घ्यावी लागती."

मीनाबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "अरे, म्हैस दाखवायची आणि कास वेगळी विकायची, असा बाजार आम्ही आयुष्यात पाहिला नाही."

शेवटी म्हैस, कास, सड असं सगळं जमवून त्या घरी आल्या. आता उरली वॉरंटी. वॉरंटीसाठी यंत्राची नोंद मोबाईलवरून करायची होती. नाव विचारलं, पत्ता विचारला, जन्मतारीख विचारली, 'व्यवसाय: बांधकाम / गॅरेज / कारखाना' विचारलं. मीनाबाईंनी बराच विचार करून 'गॅरेज' दाबलं, कारण गाडी घरात होती. मग ओटीपी येणार म्हणून त्या मोबाईलकडे पाहत बसल्या. ओटीपी आला नाही. पाच मिनिटांनी पुण्याहून फोन आला.

"आई, गॅरेज काढलंस?"

मीनाबाईंचे सगळे नंबर आणि ईमेल पृथ्वीराजनेच जोडून दिले होते. म्हणजे आईने काहीही केलं तरी खबर त्याच्या खिशात वाजत असे. गुपित संपलं. पृथ्वीराज हसला, अक्षता हसली, आणि मग तो वकिलासारखा म्हणाला, "मशीन चालेल. पण नट तू आवळायचे नाहीत. तू शनिवारी रात्रीच सैल करून ठेवशील. आवळणारा माणूस त्रयस्थ पाहिजे."

"आणि आई," मागून अक्षता म्हणाली, "वजनाचा फोटो नाही आला ह्या रविवारी."

अक्षताने दिवाळीला सासूला काचेचा वजनकाटा पाठवला होता. दर रविवारी त्यावर उभं राहून आकड्याचा फोटो पाठवायचा, अशी सक्ती होती. आकडा शहात्तर होता आणि पुण्याला तो मान्य नव्हता. भात बंद झाला होता, भाकरी अर्धी झाली होती. बंदी नव्हती ती फक्त काकडीवर.

त्रयस्थ माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. गल्लीच्या तोंडाला तालीम होती आणि तालमीच्या कट्ट्यावर उदयसिंह पैलवान होते. वय साठ, कान फुटलेले, मान नाहीच, डोकं थेट खांद्यावर. एके काळी चांदीची गदा आणलेला माणूस. आता दोन म्हशी पाळून होते.

पण उदयसिंह त्रयस्थ होते असं म्हणणं अवघड आहे. शहाण्णव सालच्या श्रावणात त्यांनी संघाला घातलेल्या म्हशीच्या दुधाची फॅट मीनाबाईंनी चार पॉईंट एक काढली होती. म्हशीच्या दुधाला! पावतीवर तसं लिहिलं होतं आणि मागे उभ्या असलेल्या अकरा माणसांनी ते वाचलं होतं. तेव्हापासून उदयसिंह त्यांना 'मॅडम' म्हणत, पण असं, की त्या शब्दातसुद्धा पाणी घातल्यासारखं वाटे.

"मी आवळतो की," ते म्हणाले. "पन एक सांगून ठेवतो मॅडम. ह्या हातानं आवळल्याला नट सुटत न्हाय. मशीन असू दे न्हायतर मशिनीचा बा असू दे."

"माझं मशीन सोडवेल."

बोलून गेल्यावर मीनाबाईंच्या लक्षात आलं की कट्ट्यावर पंधरा माणसं बसली आहेत.

इतर कुठल्या गावात असं काही झालं असतं तर लोक हसले असते आणि चहा प्यायला गेले असते. कोल्हापुरात कोणीतरी म्हणालं, "म्हंजे जोड लागली की!" आणि संध्याकाळपर्यंत तालमीच्या फळ्यावर खडूने लिहिलं गेलं: 'रविवारी सकाळी नऊ वाजता. निकाली कुस्ती. उदयसिंह पैलवान विरुद्ध बारा व्होल्ट. वेळेवर हजर राहावे.' बारा व्होल्टच्या पुढे कंसात 'मीनाबाईंचं मशीन' असं लिहिलं होतं. ते कोणीतरी बोटाने पुसलं होतं.

त्यानंतरचे चार दिवस मीनाबाईंना सल्ल्यांनी झोपू दिलं नाही. एकजण म्हणाला, नटाला आदल्या दिवशी रॉकेल पाजा. दुसरा म्हणाला, रॉकेल बंद झालं, खोबरेल पाजा. शालूबाईंनी यंत्राला लिंबू-मिरची बांधली. पण सगळ्यांना आणि स्वतःला मीनाबाई एकच गोष्ट बजावत होत्या, "डावं चाक असेल तर नटाचे आटे उलटे असतात. नट उजवीकडे फिरवल्यावर सुटतो. हे आमच्या ह्यांनी शिकवलंय."

'ह्यांनी' म्हणजे केरबांनी. केरबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण गाडीच्या बाबतीत शेवटचा शब्द अजून त्यांचाच असे. त्र्याऐंशी साली राधानगरीच्या रस्त्यावर त्यांच्या जीपचं डावं चाक बसलं होतं, तेव्हा त्यांनी मीनाबाईंना उलट्या आट्यांचं रहस्य सांगितलं. वर पाना लावून म्हणाले, "चढ ह्याच्यावर. माझी पाठ धरलीय." मीनाबाई अठ्ठावीस वर्षांच्या, बावन्न किलोंच्या, पाचवारी खोचून पान्यावर चढल्या. पाना हलला नाही. त्या वर नुसत्या उभ्या राहिल्या, कावळा तारेवर बसतो तशा. केरबा रस्त्याच्या कडेला बसून हसत सुटले. "मीना, वजन कमी पडतंय तुझं. वीसेक किलो वाढव, मग गाडीला हात लाव." प्रयोग फसला होता. फसलेला प्रयोग तशाच सामानाने परत करायचा नसतो, हे प्रयोगशाळेतल्या बाईला सांगावं लागत नाही. म्हणून मुदाळ तिट्ट्यालाही त्यांनी तो केला नव्हता.

रविवारी नऊ वाजता गल्लीत उभं राहायला जागा नव्हती. निळी आठशे मधोमध, तिच्याभोवती तालमीतून आणलेल्या लाल मातीचं रिंगण. एक हलगीवाला. आणि हातात माईक घेतलेला सम्राट, जो एरवी कुस्तीच्या मैदानात निवेदन करतो आणि अधूनमधून हरवलेल्या मुलांची नावं पुकारतो.

पृथ्वीराज गाडीतून उतरला तो थेट फेट्यात. दोघांनी धरून त्याला फेटा बांधला आणि पंच केलं. कागलच्या गिऱ्हाइकाला खुर्ची मिळाली. "बसा पावणं," कोणीतरी त्यांच्या हातात शेंगदाण्याचा पुडा दिला. "आधी निकाल, मग वेव्हार."

"आई, हे काय आहे?" पृथ्वीराज दबक्या आवाजात म्हणाला.

"त्रयस्थ माणूस," मीनाबाई म्हणाल्या.

चाक पुढचं डावं ठरलं. उदयसिंहांनी हाताला माती घासली, शड्डू ठोकला. गल्लीतली कबुतरं उडाली. पान्याच्या दांड्याला त्यांनी हातभर लांबीचा लोखंडी पाईप घातला आणि चारही नट असे आवळले की गाडीने अंग चोरलं. सम्राट माईकवर ओरडत होता, "बघा मंडळी, ही लाल माती हाय! ह्या हातानं नामांकित पैलवान चितपट केल्यात, नटाची काय कथा!"

मग हलगी थांबली. मीनाबाई पुढे झाल्या. लिंबू-मिरची सोडून त्यांनी ती शालूबाईंच्या हातात दिली, नटावर गोटी बसवली, आणि यंत्राच्या बाजूचं बटन जाणत्या माणसाच्या थाटात दाबून दिशा बदलली. डावं चाक. उलटे आटे. मग चाप ओढला.

टकटकटकटकटक!

यंत्राने जो काही आवाज काढला त्याने म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. हलगीही मागे राहायला तयार नव्हती. एक मिनिट झालं. नट हलेना. दोन मिनिटं झाली. मीनाबाईंच्या दंडापासून हनुवटीपर्यंत सगळं थरथरत होतं. त्यांनी चारही नटांवर यंत्र आळीपाळीने चालवलं. यंत्रावरचे तीन हिरवे दिवे होते, त्यांचे दोन झाले, मग एक. मग तोही गेला. टक... टक. आणि शांतता.

"चितपट!" सम्राट किंचाळला.

उदयसिंहांना खांद्यावर घेतलं गेलं, म्हणजे तसा प्रयत्न झाला. चौघांनी तो सोडून दिला. मीनाबाई यंत्र छातीशी धरून उभ्या राहिल्या. कागलचे पाहुणे शेंगांची फोलपटं झटकून उठले आणि गाडीचे टायर बघू लागले. पृथ्वीराजने आईकडे पाहिलं नाही. हे त्याने चांगलं केलं.

आदर्श दुकान उघडून उशिरा आला होता. गर्दीतून वाट काढत त्याने यंत्र हातात घेतलं, उलटंपालटं केलं, आणि त्याचा चेहरा पडला.

"मावशी, हे आवळायच्या बाजूला हाय."

"डावं चाक आहे. आटे उलटे असतात."

"जुन्या जीपचे, मावशी. ट्रकचे बी असायचे. तुमच्या गाडीची चारी चाकं सरळच सुटत्यात."

गल्लीतले शेंगा खाणारे चावायचे थांबले. म्हणजे मीनाबाईंचं यंत्र सोडवत नव्हतंच. पैलवानाने आवळलेले नट ते दहा मिनिटं आणखी आवळत होतं. कुस्तीत दोन्ही मल्ल एकाच बाजूने लढले होते.

"थांबा," शालूबाईंचा आवाज आला. "वैनी, तुमी हे आमच्या ह्यास्नी बी सांगितलंतासा न्हवं? पंधरा वर्सं झाली! म्हंजे आमचं हे पंधरा वर्सं टमटमचं डावं चाक..." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने गर्दीत खाली बसून घेतलं.

"बॅटरी चार्ज करा, परत कुस्ती लावा!" कोणीतरी ओरडलं.

"चार्जिंगला दोन तास लागत्यात," आदर्श म्हणाला.

"दोन तास कशाला?" उदयसिंह पुढे झाले. विजयी माणसाला औदार्य परवडतं. "मीच आवळलंय, मीच सोडवून देतो. मग हात धुवून मोकळा हुतो."

त्यांनी पाईप घातला, जोर लावला. नट हलला नाही. माती घासली, परत लावला. कपाळावरची शीर फुगली. तालमीतले दोघे मदतीला आले. पाईप हळूच केळ्यासारखा वाकला, पण नट जागचा हलला नाही. ह्या हाताने आवळलेला नट सुटत नाही, हे उदयसिंहांचं बोलणं शब्दशः खरं ठरलं होतं आणि त्यांचा चेहरा मात्र हरल्यासारखा झाला होता.

कागलचे पाहुणे बराच वेळ बघत होते. "पावणं," ते पृथ्वीराजला म्हणाले, "चाक न निघनारी गाडी घिऊन मी काय करू? फुडं पंक्चर झाली तर गाडीसंगं मी बी तितंच ऱ्हायचं का?" आणि शेंगांचा पुडा खिशात घालून ते निघून गेले.

मीनाबाईंना क्षणभर बरं वाटलं. मग पृथ्वीराज फेटा सावरत म्हणाला, "गिऱ्हाईक दुसरं मिळेल, आई. अट ती अटच. तुझ्याच्यानं चाक निघालं नाही."

मीनाबाईंनी वाकड्या पाइपाकडे पाहिलं. त्या पान्याकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यात काहीतरी फिरायला लागलं, नळ्या फिरवायच्या त्या यंत्रासारखं. त्र्याऐंशी साल, बावन्न किलो, प्रयोग फसला. अक्षताचा काटा, शहात्तर. सामान बदललं होतं. प्रयोग परत करायला हरकत नव्हती.

"दुसरा पाईप आहे का, सरळ?" त्यांनी विचारलं.

पाईप आला. त्यांनी पाना नटावर चढवला तो दांडा डावीकडे आडवा ठेवून. मग थांबून आदर्शला विचारलं, "ह्या बाजूने खाली दाबलं की सुटतं ना? नक्की?"

"नक्की, मावशी."

मीनाबाईंनी चपला काढल्या, पदर खोचला, गाडीच्या टपावरचं कॅरिअर दोन्ही हातांनी धरलं आणि पाइपाच्या टोकावर चढल्या.

काही झालं नाही. गल्लीतल्या सगळ्या लोकांसमोर त्या पाइपावर उभ्या होत्या, कावळा तारेवर बसतो तशा.

"आई, उतर, पडशील," पृथ्वीराज धावला.

"पंचाने रिंगणात यायचं नाही!" मीनाबाई वरून गरजल्या, आणि त्यांनी एक छोटासा उडीसारखा हिसका दिला. एकच. बंद झालेल्या भाताचा आणि अर्ध्या राहिलेल्या भाकऱ्यांचा सगळा राग त्यात होता.

कर्रर्रर्र!

गंजलेल्या फाटकासारखा आवाज झाला, पाईप खाली गेला आणि मीनाबाई सुखरूप जमिनीवर आल्या. हलगीवाला हलगी वाजवायचंच विसरला. दुसरा नट, कर्रर्र. तिसरा. चौथ्याला दोन हिसके लागले. मग जॅक लावला, चाक काढलं, स्टेपनी बसवली, नट फिरवले. शेवटचं आवळणं मात्र त्यांनी पाईप न घालता, हातानेच केलं, आणि पान्याला विचारून केल्यासारखं केलं.

सम्राटच्या हातात माईक होता, पण ह्या जोडीचा निकाल काय पुकारायचा ते त्याला कळेना. शेवटी तो म्हणाला, "मीनाबाई... वजनी गटात... विजयी!"

उदयसिंह पुढे आले. अठ्ठावीस वर्षांनी 'मॅडम' शब्दातलं पाणी गेलं होतं.

"मॅडम, तुमच्यापुढं हारलो ते मानतो. आता एवढंच सांगा, त्या श्रावणात माझ्या दुधाला खरंच चार पॉईंट एक लागलं हुतं?"

मीनाबाईंनी तोंड पुसलं. "नाही, पैलवान."

उदयसिंहांचा चेहरा उजळला.

"तीन पॉईंट नऊ लागलं होतं. तुमची गदा आठवली म्हणून वाढवून लिहिलं."

पुढच्या शनिवारी निळी आठशे वेळेवर गारगोटीला पोचली. डिकीत बारा व्होल्टचं यंत्र होतं, पूर्ण चार्ज केलेलं, आणि त्याच्या शेजारी लांब, सरळ पाईप. यंत्रावर मीनाबाईंनी बाणाच्या दोन पट्ट्या चिकटवल्या होत्या आणि वर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'जीप नव्हे'. विठाबाईंनी वांग्यांना नावं ठेवली, मग घरी येऊन त्याच वांग्यांची भाजी केली आणि धाकट्या बहिणीच्या ताटात भात वाढायला हात पुढे केला. मीनाबाईंचा हात सवयीने आडवा गेला.

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून अक्षता होती.

"आई, दोन रविवार झाले. वजनाचा फोटो? डॉक्टर म्हणतात, दहा किलो तरी कमी करायलाच हवेत."

मीनाबाईंनी ताटावरचा हात काढून घेतला. विठाबाईंनी भात वाढला.

"नाही गं, जमायचं नाही," त्या म्हणाल्या. "ते गाडीचं सामान आहे."